नुरा कुस्तीवर केस टाकता येते का?

तापीकाठचा (धागाकर्ता) · रविवार, रात्री १०:४०

राम राम मंडळी. लिहायची सवय मोडलीय, सांभाळून घ्या.

परवा आमच्या गावची यात्रा झाली (अमळनेर-चोपडा पट्ट्यातलं गाव, नाव विचारू नका, मला तिथेच राहायचंय). दुपारी दंगल. नारळाच्या कुस्त्यांपासून सुरुवात, मग शंभर, दोनशे, पाचशे असं चढत चढत सहाच्या सुमाराला शेवटची मानाची कुस्ती लागली, इनाम ५१ हजार. हलगी जोरात, पोरं बाभळीवर चढून बसलेली, बाया गच्च्यांवर, मी आणि माझा चौदा वर्षांचा भाचा आखाड्याच्या अगदी कडेला, माती अंगावर उडेल इतके जवळ. आणि दोघं पैलवान वीस मिनिटं नुसते एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे. पट नाही, ढाक नाही, काही नाही, मध्येच एक जण लंगोट सावरतो, दुसरा चिमूटभर माती घेऊन हाताला चोळतो, परत मानेवर हात. मग अचानक एकाने पाय लावला आणि दुसरा पडला, म्हणजे पडला कसला, आमची आजी संध्याकाळी खाटेवर टेकायची तसा, आधी एक हात, मग कूस, मग पाठ. शिट्टी, गुलाल, संपलं.

माझ्या बाजूला एक म्हातारे वस्ताद बसले होते, तंबाखू मळता मळता म्हणे, "हाई ते नुरा शे रे भो, बठ्ठासले माहित शे." (नुरा म्हणजे आधीच ठरवून खेळलेली कुस्ती.) तोवर चपला उडायला लागल्या होत्या. कमिटीतल्या एका तरुण पोराने माइक घेऊन सांगितलं की दोघांवर केस टाकू, पब्लिकला फसवलंय, वर्गणी पब्लिकची आहे. वस्ताद नुसते हसले, म्हणे "कोनतं कलम लावशी?"

तेच डोक्यात बसलंय. येताना गाडीवर मागे बसलेला भाचा विचारतोय, मामा, पडायचे त्याला किती भेटले असतील? हा पोरगा रोज पहाटे चारला उठून तालमीत जातो, सहाशे जोर मारतो, त्याला काय सांगू?

तर प्रश्न असा की खेळात पैसा आला की लबाडी येणार हे मान्य, पण कायद्याने काही करता येतं का खरंच? आयपीएल असो की आमचा आखाडा. जाणकारांनी लिहा. राजकारण आणून धाग्याचं काश्मीर करू नका ही विनंती.

भरीतप्रेमी · रविवार, रात्री ११:०२

पहिला नंबर माझा. चटई टाकून बसलोय, कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन.

अवांतर: आमच्या रावेरला टेनिस बॉलच्या लीगमध्ये आता ऑक्शन होतं, खरंखुरं, स्टेज, हातोडा, सगळं. मी साडेतीनशे रुपयांना विकला गेलो, शेजारच्या बारा वर्षांच्या पोराला पाचशे लागले. यावर कोणता कायदा आहे तेवढं सांगा.

कोर्टाची_पायरी · सोमवार, सकाळी ७:१५

धुळ्यात वकिली करतो, फौजदारी जास्त. चांगला विषय काढला भाऊ.

त्या वस्तादांना माझा नमस्कार सांगा, कारण त्यांनी जो प्रश्न विचारला त्याच्यावर मोठमोठे पोलीस तपास आपटलेत. आपल्या देशात मॅच फिक्सिंग नावाचा स्वतंत्र गुन्हाच नाही. २०१३ चं आयपीएल आठवा, श्रीशांत, अंकित चव्हाण, अजित चंडिला, मे महिन्यात अटक झाली, टॉवेल खोचल्याचे व्हिडिओ चोवीस तास टीव्हीवर. दिल्ली पोलिसांनी मकोकापर्यंत कलमं लावली. आणि जुलै २०१५ ला पतियाळा हाउस कोर्टाने सगळ्यांना आरोपातून मुक्त केलं, खटला उभाच राहिला नाही. लोक म्हणाले पैसा चारला. पैसा वगैरे राहू द्या, मुळात ज्या कलमांत बसवायचं ती कलमं याच्यासाठी शिवलेलीच नव्हती, मोठ्या भावाचा सदरा लहान्याला घातल्यासारखं.

मग तुम्ही म्हणाल ४२० लावा, फसवणूक. (आता भारतीय न्याय संहितेत ते ३१८ ला गेलंय.) ते पण करून झालं. कर्नाटक प्रीमियर लीगच्या फिक्सिंगमध्ये ४२० लावलं होतं, जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने ती केस रद्द केली. कोर्टाचं म्हणणं ढोबळमानाने असं की फसवणुकीत समोरच्याला भुलवून त्याच्याकडून पैसा किंवा वस्तू काढून घ्यावी लागते, इथे प्रेक्षकाने तिकीट स्वतःच्या मर्जीने काढलंय, त्याला खेळ बघायचा होता तो त्याने बघितला. खेळाडू बेइमान असेल, तर बोर्डाने शिस्तभंग म्हणून बघावं. आता तुमच्या यात्रेत तर तिकीट पण नाही, वर्गणी आहे. त्यामुळे तो माइकवाला पोरगा पोलीस स्टेशनला गेला तर ठाणे अंमलदार त्याला चहा पाजून परत पाठवतील.

विधी आयोगाने २०१८ मध्ये २७६ वा अहवाल दिला, त्यात स्पष्ट लिहिलंय की मॅच फिक्सिंगला फौजदारी गुन्हा करा, कडक शिक्षा ठेवा. अहवाल जिथे जातात तिथे गेला. आपल्या शेजारच्या श्रीलंकेने २०१९ ला कायदा करून टाकला, दहा वर्षांपर्यंत कैद. इंग्लंडमध्ये २०१० च्या लॉर्ड्स कसोटीत पाकिस्तानच्या तिघांनी ठरवून नोबॉल टाकले-टाकवले, नोव्हेंबर २०११ ला लंडनच्या कोर्टाने सलमान बटला अडीच वर्षं, आसिफला एक वर्ष आणि आमिरला सहा महिने दिले. तिथे त्यांच्याकडे २००५ चा जुगार कायदा होता ज्यात जुगारात चीटिंग करणं हाच गुन्हा आहे. आपल्याकडचा जुगार कायदा १८८७ चा, तो पत्ते आणि आकडा पकडायला केलेला.

आता माझा तुम्हाला एक प्रश्न. त्या कुस्तीला पंच कोण होता?

सातपुड्याचा_वारा · सोमवार, सकाळी ९:४८

वकीलसाहेब छान लिहिलं पण मला हे पटत नाही की कायदा केला की खेळ सुधारेल. दारूबंदीचा कायदा आहे, हातभट्टी बंद झाली का? हुंडाबंदी आहे, लग्नं बघताय ना? खेळ हा खेळ, कोर्टात गेला की मेला. सगळं पब्लिकवर सोडा, चपला पडल्या ना, पुढच्या वर्षी ते दोघं त्या गावात पाय ठेवणार नाहीत. ही शिक्षा काय कमी आहे?

तापीकाठचा · सोमवार, दुपारी १:२०

@सातपुड्याचा_वारा, ठेवतील हो पाय. दोन वर्षांनी सगळे विसरतात, आणि दुसरी पाचशे गावं आहेत.

@कोर्टाची_पायरी, मुद्द्याचं विचारलंत. पंच म्हणजे, जो जिंकला त्याचेच वस्ताद. म्हणजे बघा, ते यात्रा कमिटीत पण आहेत, जोड पण त्यांनीच लावली (कोणाची कुस्ती कोणाशी ते), आणि शिट्टी पण त्यांच्याच तोंडात. गावात दुसरं कोणी कुस्तीतलं कळणारं नाही म्हणून दरवर्षी तेच असतात, आम्हाला त्यात काही वावगं वाटलंच नाही कधी. तुम्ही विचारल्यावर आत्ता डोक्यात उजेड पडला.

कोर्टाची_पायरी · सोमवार, दुपारी २:०५

हात्तिच्या! मग तुमच्या यात्रेतली आणि बीसीसीआयची गोष्ट एकच आहे की.

सांगतो. बीसीसीआयच्या नियमात एक कलम होतं ६.२.४, बोर्डाच्या पदाधिकाऱ्याला बोर्डाच्या सामन्यांमध्ये व्यापारी हितसंबंध ठेवता येणार नाही. २००८ ला दुरुस्ती करून त्यातून आयपीएल वगळलं. म्हणजे बोर्डाचे पदाधिकारी एन. श्रीनिवासन, आणि त्यांच्या इंडिया सिमेंट्सकडे चेन्नईची टीम. पुढे ते अध्यक्ष झाले आणि २०१३ ला त्याच टीमशी जोडलेल्या त्यांच्या जावयावर सट्ट्याचा आरोप आला तेव्हा चौकशी समिती कोणी नेमली, तर बोर्डानेच, आणि समितीने क्लीन चिट दिली. जोड पण माझी, पैलवान पण माझा, शिट्टी पण माझी. मग बिहारची क्रिकेट संघटना कोर्टात गेली, मुद्गल समिती झाली, आणि २२ जानेवारी २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती रद्द केली. त्यानंतर लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान दोन्ही टीम दोन वर्षं बाहेर बसवल्या.

गंमत बघा. फिक्सिंगवाले खेळाडू फौजदारी कोर्टातून सुटले. पण खेळात जो काही फरक पडला तो "एकाच माणसाकडे दोन टोप्या नको" एवढ्या एका मुद्द्याने पडला. म्हणून मी तुम्हाला पंच विचारला, पैलवान नाही विचारला.

लाल_माती · सोमवार, रात्री ९:३०

चाळीसगावकडचा आहे. कुस्ती सोडून वीस वर्षं झाली पण कान अजून फुललेलेच आहेत 🙂 आमच्या तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरीने लागोपाठ तीन वेळा महाराष्ट्र केसरी मारली तेव्हा आमच्याकडे दिवाळीसारखे फटाके फुटले होते, त्यामुळे कुस्तीला सरसकट शिव्या घालू नका. नुरा खेळणारे चार असतात, मातीत मरणारे चारशे.

आणि नुरा का खेळतात ते पण ऐका. पैलवानाचा महिन्याचा खुराक काढा, दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण, वीस-पंचवीस हजार कुठेच जात नाहीत. सीझन यात्रांचा, चार महिने. त्यात खरी कुस्ती खेळून गुडघा गेला तर वर्ष गेलं, विमा नाही, पगार नाही. मग दोघं आधीच बसून ठरवतात, तू आज घे, मी पुढच्या गावाला घेतो, इनाम अर्धं अर्धं. चूक आहेच. पण त्याला जेलात टाकून माझ्या मते काही होणार नाही.

मला राग वेगळ्या गोष्टीचा येतो. नरसिंग यादव आठवतो का? तीन वेळचा महाराष्ट्र केसरी. २०१५ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला ब्राँझ घेऊन रिओचा ७४ किलोचा कोटा त्याने आणला. सुशीलकुमार म्हणे ट्रायल घ्या, दिल्ली हायकोर्टात गेला, जून २०१६ ला कोर्ट म्हणालं फेडरेशनचा निर्णय, आम्ही त्यात पडत नाही. त्यानंतर नरसिंग डोपिंगमध्ये सापडला. तो म्हणाला माझ्या खाण्यात कोणीतरी कालवलं. १ ऑगस्टला नाडाच्या (आपल्या देशातली डोपिंग तपासणारी संस्था) पॅनेलने त्याला सोडलं, गडी रिओला पोचला, वाडाने (तीच संस्था जागतिक पातळीवरची) अपील केलं, १८ ऑगस्टला तिथेच खेळांच्या लवादाने, कॅस म्हणतात त्याला, चार वर्षांची बंदी टाकली. दुसऱ्या दिवशी त्याची कुस्ती होती. दुसऱ्या दिवशी!

मला आजपर्यंत कळलेलं नाही की नेमकं काय झालं होतं. पण डोपिंगचा नियम असा आहे की तुझ्या अंगात सापडलं ना, मग तू जबाबदार, कोणी टाकलं ते तू सिद्ध कर. खुनाच्या केसमध्ये सरकारला सिद्ध करावं लागतं, इथे उलटं.

कोर्टाची_पायरी · सोमवार, रात्री १०:११

@लाल_माती, नियम बरोबर सांगितलात, आणि तो अन्यायकारक वाटतो हे पण खरं. पण उलट बाजू बघा. उद्या "कोणीतरी कालवलं" एवढं म्हणून सुटता आलं तर एकही जण सापडणार नाही, सगळ्यांच्याच दुधात कोणी ना कोणी कालवेल. न घेणाऱ्याचं काय मग? तो तर दुहेरी मेला.

आपल्याकडे डोपिंगसाठी २०२२ ला संसदेने कायदा केलाय, त्याआधी नाडा ही साधी नोंदणीकृत सोसायटी होती. कायदा झाला तरी आकडे लाज आणतात. वाडाच्याच आकडेवारीत २०२३ ला भारताचे ५६०६ नमुने तपासले, त्यात २१३ पॉझिटिव्ह, ३.८ टक्के. एवढे नमुने तपासणाऱ्या देशांत आपला टक्का सगळ्यात वरचा.

लाल_माती · सोमवार, रात्री १०:४०

आकडा खरा असणार. पोलीस भरतीच्या दिवशी सकाळी मैदानाच्या मागच्या बाजूला जाऊन या एकदा, गवतात सिरिंजा दिसतील. सोळाशे मीटर पळण्यासाठी. त्यांना कोण नाडा तपासतंय? आणि जिमवाले डबा देतात त्याच्यावर काय लिहिलंय ते देणाऱ्याला पण वाचता येत नाही. पोरगं तीन हजारांचा डबा बापाच्या कापसाच्या पैशातून घेतं.

कबड्डीवाली · मंगळवार, सकाळी ११:०५

इतका वेळ नुसती वाचत होते. सगळे दादा लोक क्रिकेट आणि कुस्तीवरच आलेत म्हणून लिहिते.

मी नंदुरबार जिल्ह्यातून राज्यापर्यंत खेळले, लेफ्ट कॉर्नर. एका स्पर्धेला आम्हा बारा जणींना आणि मुलांच्या टीमला एकाच लालपरीने पाठवलं, मुलांची राहायची सोय लॉजवर, आमची शाळेच्या वर्गात, बाकं भिंतीला लावून सतरंज्या टाकलेल्या, कपडे बदलायला फळ्याच्या मागे एक जण चादर धरायची. टीएचे पैसे सही घेऊन निम्मे दिले. तक्रार करायची तर कोणाकडे? जे निवडतात तेच पैसे देतात, तेच मॅनेजर म्हणून बरोबर असतात. पुढच्या वर्षी यादीत नाव नको असेल तर करा तक्रार! आमच्यातल्या एकीने केली. तिचं नाव पुढच्या वर्षी खरंच नव्हतं, कारण विचारलं तर म्हणे फिटनेस. ती आत्ता शहाद्याला शिवणकाम करते, आणि अजून आमच्यात सगळ्यात फिट आहे.

पैलवान मुली जानेवारी २०२३ ला जंतरमंतरवर बसल्या तेव्हा लोक म्हणायचे, इतके दिवस का नाही बोलल्या. मला एका मिनिटात कळलं का नाही बोलल्या ते. ऑलिंपिकचं मेडल असलेल्या मुलींना रस्त्यावर बसावं लागतं, मग आम्ही वर्गात झोपणाऱ्या काय बोलणार होतो.

क्रिकेटमध्ये ऑक्टोबर २०२२ ला मुलींची मॅच फी मुलांएवढी केली, कसोटीला १५ लाख, वनडेला ६, टी-ट्वेंटीला ३. छान झालं, टाळ्या वाजवल्या मी पण. पण फी सारखी झाली म्हणजे मॅचेस सारख्या झाल्या का, आणि करार सारखे झाले का? ते बघा.

सातपुड्याचा_वारा · मंगळवार, दुपारी १२:३०

ताई, तुमचं वाचून माझं मत थोडं हललं. पब्लिकच्या चपला वर्गखोलीत पोचत नाहीत हे खरंय.

पण मग विनेशचं सांगा. ऑगस्ट २०२४, पॅरिस, ५० किलो, फायनलच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त. केस कापले, रात्रभर पळाली, तरी बाद, आणि नुसती फायनल नाही गेली, नंबरच शेवटचा. कॅसमध्ये गेली, १४ ऑगस्टला फेटाळलं. इथे कायदा होता, लवाद होता, वकील तर देशातले सगळ्यात महागडे होते. न्याय मिळाला का? १०० ग्रॅम म्हणजे आमच्या बाजारात एक वांगं पण येत नाही.

कोर्टाची_पायरी · मंगळवार, दुपारी ३:४५

मिळाला असं मी म्हणेन, शिव्या घाला हवं तर. दुसऱ्या दिवशी पण वजन होणार हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं आणि समोरच्या मुली वजनात बसल्या होत्या. नियम निर्दयी आहे, बदलायला हवा, पण स्पर्धेच्या आधी बदलायला हवा, मधेच एकीसाठी नाही. आणि तिला विचारायला जागा होती, स्वतःच्या फेडरेशनच्या बाहेरचा माणूस आठवड्याभरात ऐकायला बसला, लेखी कारण दिलं. कबड्डीवाली ताईंच्या मैत्रिणीला काय मिळालं? "फिटनेस." एक शब्द.

आता ती जागा आपल्याकडे होऊ घातलीय. ऑगस्ट २०२५ ला संसदेत राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर झाला. त्यात राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण आहे, त्याच्यावर अपील थेट सुप्रीम कोर्टात. फेडरेशनच्या निवडणुकांवर देखरेखीला वेगळं पॅनेल. कार्यकारिणीत जास्तीत जास्त पंधरा जण, त्यात किमान चार बाया, किमान दोन नावाजलेले खेळाडू, शिवाय खेळाडूंची वेगळी समिती आणि महिला-मुलांच्या सुरक्षिततेचं धोरण लागतंच. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला क्रिकेट आल्यामुळे बीसीसीआय पण याच्यात येणार.

भरीतप्रेमी · मंगळवार, दुपारी ४:०२

माहितीचा अधिकार पण लागला का हो बीसीसीआयला?

कोर्टाची_पायरी · मंगळवार, दुपारी ४:२०

तिथेच तर माती खाल्ली. जे सरकारी पैसा घेतात त्यांनाच माहितीचा अधिकार लागू, आणि बीसीसीआय सरकारचा पैसा घेत नाही. २००५ ला झी टेलिफिल्म्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की बीसीसीआय घटनेच्या कलम १२ खाली "राज्य" नाही, फक्त हायकोर्टात २२६ खाली रिट करता येईल. वीस वर्षांनी गाडी तिथेच. छातीवर इंडिया लिहायचं, हिशोब मागितला की खाजगी संस्था.

जूनचा_वाढदिवस · मंगळवार, रात्री ८:५०

क्रीडाशिक्षक आहे, नाव आणि शाळा सांगत नाही.

वयाचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून मी काढतो. तुमच्या गावात निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो ना? माझा पण १ जून. आईला विचारलं तर म्हणते कानबाईनंतर पंधरा दिवसांनी झालास, म्हणजे श्रावण-भाद्रपद. गुरुजींनी शाळेत नाव टाकताना लिहिलं १ जून, झालं. आता १४ वर्षांखालच्या स्पर्धेला मिशा फुटलेली पोरं येतात तेव्हा दाखला बरोबर असतो, शिक्का बरोबर असतो, फक्त पोरगा मोठा असतो. त्यातले किती मुद्दाम आणि किती गुरुजींच्या कृपेने हे देवाला माहीत. बीसीसीआय डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघते, टीडब्ल्यू-थ्री म्हणतात. पण ती पद्धत पण अंदाजच सांगते, आणि तालुक्याला तो एक्स-रे काढणार कोण, आमच्या ग्रामीण रुग्णालयातलं मशीन चालू असेल तो दिवस सोन्याचा.

आणि हे सगळं कशासाठी, मेडलसाठी नाही. दहावीला क्रीडा गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यामुळे प्रमाणपत्राला भाव आलाय. माझ्याकडे एक पालक आले होते, म्हणे सर, खेळवू नका, दमतो, फक्त सर्टिफिकेट द्या. मी नाही म्हटलं तर त्यांनी दुसरीकडून आणलं. पडताळणी नाशिकला उपसंचालकांच्या ऑफिसात होते, आता बरीच कडक झालीय, पण एका खोट्या कागदामागे एक खरा पोरगा यादीच्या बाहेर जातो, त्याला कळत पण नाही की तो का गेला.

लाल_माती · मंगळवार, रात्री ९:१५

+१. शेवटचं वाक्य लागलं सर.

भरीतप्रेमी · मंगळवार, रात्री ९:४०

चेष्टा बाजूला ठेवून एक सांगतो. मोबाईलवर टीम लावायच्या गेममध्ये माझ्या चुलतभावाने दोन बिघ्यांच्या केळीचे पैसे घालवले. सुरुवातीला ४९ रुपये, मग पुढे काय झालं ते घरात कोणाला कळलंच नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशाचे ऑनलाइन गेम बंद करणारा कायदा आला, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे मला फार योग्य वाटलं. त्याच महिन्यात टीम इंडियाच्या शर्टावरचं ड्रीम इलेव्हन या गेम कंपनीचं नाव पण गेलं. आता गावात जुनी लगवाडी-खायवाडी (सट्टा) वहीवर चालते ती वेगळी, त्याला कोणी हात लावत नाही. वकीलसाहेब त्याचं काय?

कोर्टाची_पायरी · मंगळवार, रात्री १०:०५

न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने चालवलेला बेकायदा सट्टा आलाय, एक ते सात वर्षं. कलम आहे. बाकी तुम्ही समजून घ्या, मला रोज त्याच कोर्टात उभं राहायचंय.

तापीकाठचा · शुक्रवार, रात्री ९:५५

उशीर झाला, केळीची कापणी चालू होती. सगळं वाचलं, दोनदा.

काल मारुतीच्या पारावर यात्रेचा हिशोब होता. मी कधी बोलत नाही तिथे, काल बोललो. म्हटलं जोड लावणारा, पंच आणि पैलवानाचा वस्ताद ही तीन वेगळी माणसं पाहिजेत, बाकी कुस्ती कशी व्हायची तशी होऊ द्या. आधी पाच मिनिटं कोणी काही बोललंच नाही. मग त्या वस्तादांनीच (शिट्टीवाले) विचारलं, म्हणजे मी चोर का? आता गावातला म्हातारा माणूस, माझ्या वडिलांचा मित्र, काय बोलणार. मी म्हटलं काका, तुम्ही चोर नाही, पण तुमचा पोरगा हरला असता तर तुम्ही शिट्टी कशी वाजवली असती ते मला माहीत नाही, आणि तुम्हाला पण नाही.

खूप वाजलं. एक जण म्हणे बाहेरगावचा पंच आणला तर त्याला मानधन, जेवण, गाडीभाडं कोण देईल. दुसरा म्हणे इनाम कमी करा, ४५ करा, सहा हजारात दोन पंच येतील. लाल_माती भाऊ, तुमचं खुराकाचं पण सांगितलं मी, की हरणाऱ्याला पण काहीतरी ठरलेलं द्या, म्हणजे आधी बसून वाटून घ्यायची गरज पडणार नाही. त्याला मात्र सगळे हसले, हरल्याचे कोण पैसे देतं म्हणे. बघू.

शेवटी पंच बाहेरचा आणायचं ठरलं, एका वर्षापुरतं. वहीत लिहून सह्या घेतल्या. शिट्टीवाल्या काकांनी सही केली नाही, उठून गेले. सकाळी दूध घालायला गेलो तेव्हा ओट्यावर बसले होते, माझ्याकडे बघितलं नाही, पण भाच्याला हाक मारून म्हणे, "पट काढतांना मान वर राहू देस तू, संध्याकाळले ये, दाखाडस."

तो गेलाय आत्ता तिकडेच.

लाल_माती · शुक्रवार, रात्री १०:२०

जाऊ द्या त्याला. मान वर राहिली की समोरचा गळपट्टा घालतो, काका बरोबर सांगताहेत.

पंच पाहिजे असेल तर मला व्यनि (खाजगी निरोप) करा. जेवण आणि एसटीचं भाडं द्या फक्त, आणि तुमच्याकडचा एकही पैलवान माझा नातेवाईक नाही हे आधीच लिहून देतो.